करडईच्या कॅनमधलं तेल

जिमखान्याच्या मैदानावर गवत कापायचं जे मशीन आहे, त्याची पिवळी खुर्ची आपल्यासाठीच बनवली आहे अशी नागोरावांची खात्री होती. मशीन बसून चालवायचं. त्याला स्टीअरिंग नाही, दोन हातांत दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे जातं, ओढले की मागे येतं, आणि एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी गिरकी घेतं. ही गिरकी नागोराव विनाकारणही घ्यायचे, विशेषतः व्हरांड्यात सभासद बसलेले असले की. नऊ वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. एकदा कॅन्टीनवाल्याने बॉनेटवर समोशांचा ट्रे ठेवला, तर नागोराव त्याच्याशी चार महिने बोलले नाहीत. समोसे मात्र सोडले नाहीत, दुसऱ्याकरवी मागवून खाल्ले.

त्यांचे वडील उदगीरकडून हैदराबादेत आले. नागोराव वाढले गौलीगुड्यात, संसार मांडला दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीत. घरात मराठी, मैदानावर दखनी, भाजीवालीशी तेलुगू. मशीनशी ते मराठीतच बोलायचे, कारण त्यांच्या मते शिव्या मायबोलीतूनच नीट पोचतात.

अशा माणसाचं नाक मात्र कामातून गेलेलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी ते जिमखान्यात लागले तेव्हा हाताने ढकलायचं पेट्रोलचं मशीन होतं आणि पेट्रोलच्या वासाने त्यांचं डोकं ठणकायचं. तेव्हाच्या मशीनवाल्याने त्यांना चिमूटभर तपकीर दिली. डोकं ठणकायचं थांबलं. मग हळूहळू सगळेच वास थांबले. एकदा घरात दूध करपून काळं झालं, बायको केसरबाई कपाळाला हात लावून उभ्या, आणि नागोराव शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. तपकिरीची पत्र्याची डबी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची आणि नाकाचं त्यांना काही वाटत नव्हतं. मशीनचं काम कानाचं, नाकाचं नव्हे, असं ते म्हणायचे.

आता त्यांच्या एका हुशारीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. ह्या मशीनला गिअर नाहीत. मागची दोन चाकं तेलाच्या दाबावर फिरतात, म्हणून त्या तेलाला हायड्रॉलिक तेल म्हणायचं. पण नाव काही असलं तरी ते तेल मोटारसायकलच्या इंजिनालाही चालतं, आणि जिमखान्यात मोटारसायकली अठरा. वेटर, माळी, वॉचमन, सगळ्यांना नागोरावांच्या वर्कशॉपबद्दल अचानक जिव्हाळा वाटू लागला की नागोराव समजायचे, तेल आलेलं कळलंय. दोन वर्षं चोरी सहन केल्यावर त्यांनी डोकं चालवलं. त्यांची बहीण त्रिवेणीबाई दरवर्षी गावाकडून घाण्याचं करडईचं तेल पाठवते, पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून. कॅनवर तिच्या हाताने करडई असं लिहिलेलं असतं. नागोरावांनी एक रिकामा कॅन धुऊन वाळवला, त्यात मशीनचं तेल ओतलं, ओळखीसाठी गळ्याला स्वच्छ फडकं बांधलं आणि कॅन फळीवर सगळ्यांसमोर ठेवून दिला. चोर आले, तेल शोधलं, करडईच्या कॅनकडे बघून हात हलवत गेले. नागोराव आठवडाभर हसत होते.

मार्चच्या शेवटी जिमखान्याच्या सेक्रेटरींनी त्यांना बोलावलं. सेक्रेटरी म्हणजे एकनाथराव. राहायला जामबागेत, घराणं मूळचं मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं. घरातली सगळी आता नोकरदार, पण करडई काही जिभेवरून गेलेली नाही. दरवर्षी त्रिवेणीबाईंच्या तेलातला एक कॅन त्यांच्या घरी जायचा.

"नागोराव, एप्रिलअखेरीला तुम्हाला साठ पूर्ण होतात," एकनाथराव म्हणाले.

"कागदावर, साहेब."

"नोकरी कागदावरच असते. मशीनच्या कंपनीने वर्षाचं कंत्राट देऊ केलंय. मशीनची देखभाल त्यांची, चालवणारा माणूसही त्यांचाच. कमिटी तयार आहे. मी म्हटलं, एकदा बघू या. पुढच्या गुरुवारी कंपनीची इंजिनिअर येतेय. तुमचं तेल आणि फिल्टर बदलायला झालेत ना? तिच्यासमोर बदला. तिने मशीन पास केलं तर तुम्हाला दोन वर्षं वाढवून देतो. नाहीतर शाल आणि हार."

नागोरावांना शालीची कल्पनाच सहन झाली नाही. हैदराबादच्या उन्हात शाल घेऊन माणसाने करायचं काय?

"आणि तुमच्या बहिणीचं तेल आलं का?" एकनाथरावांनी विचारलं. "घरी आमची भामा रोज विचारतेय."

घरी ही बातमी ऐकून नागोरावांपेक्षा केसरबाई जास्त घाबरल्या. लॉकडाऊनमध्ये नागोराव दोन महिने घरात होते. त्या दोन महिन्यांत त्यांनी मिक्सर उघडला, पंखा उघडला, शिलाई मशीन उघडलं, आणि कुकरची शिट्टी तिला जास्त आवाज आहे म्हणून दुरुस्त केली. त्यानंतर कुकर मुकाट्यानेच शिजवायचा आणि भाताचा लगदा व्हायचा. आता कायमचे घरी म्हटल्यावर केसरबाईंच्या डोळ्यांपुढे नवा फ्रिज आला.

गुरुवारी सकाळी वंदना आटोपून त्यांनी डबा भरला आणि बजावलं, "त्या पोरीसमोर शहाणपणा करू नका. काम करा नि गप बसा."

"मी कधी शहाणपणा करतो?" नागोराव म्हणाले. एकनाथरावांच्या वाटचा करडईचा कॅन त्यांनी स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवला, चिमूटभर तपकीर ओढली आणि निघाले.

वर्कशॉपमध्ये त्यांनी तो कॅन फळीवर आपल्या कॅनशेजारी ठेवला. दोन पांढरे कॅन, दोन्हींवर करडई. एकाच्या गळ्यात फडकं, दुसऱ्याच्या नाही. नागोरावांना ह्यात काहीच अवघड वाटलं नाही.

इंजिनिअर आली दहाला. तिचं नाव ऋचा, तिशीची, हातात टॅब्लेट. वडील परभणीकडचे, आई तेलुगू, राहणार दिलसुखनगर. नागोरावांना ती नमस्कार काका म्हणाली, तिथेच ते निम्मे हुरळले. उरलेले निम्मे, कुणीतरी आपलं काम बघतंय ह्यानेच हुरळले.

मशीन मागून जॅकने उचलून त्यांनी खाली स्टँड लावले. दोन चाकांचे दोन फिल्टर, त्यांच्याभोवती वर्षभराचा चिखल आणि वाळलं गवत. ते ब्रशने झाडून काढत नागोराव आडवे झाले.

"काका, पूर्ण क्लीन करा हं," ऋचा म्हणाली. "आत एक कचरा गेला की अंते, खतम."

"ताई, मी हे मशीन जेवायच्या ताटासारखं पुसतो," नागोराव खालून म्हणाले आणि हात बाहेर काढला. फिल्टर काढून झाला होता, जुनं काळं तेल परातीत गळत होतं, आणि आता फिल्टर जिथे बसतो ती जागा पुसायला फडकं हवं होतं. त्यांच्या खिशातलं फडकं मळकं. कंपनीच्या इंजिनिअरसमोर मळकं फडकं वापरायचं म्हणजे नाक कापून घेणं. ते उठले, फळीकडे गेले, कॅनच्या गळ्याचं पांढरंस्वच्छ फडकं सोडलं, झटकलं आणि झोकात परत आले. ऋचाने ते बघितलं. तिने बघावं म्हणूनच तर ते झटकलं होतं.

दोन मिनिटांनी एकनाथरावांचे ड्रायव्हर उमाजी दारात आले. "नागोराव, साहेबांचं तेल कुठलं ओ? वहिनीसाहेबांनी आत्ताच्या आत्ता मागवलंय."

नागोराव मशीनखाली, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल चोळत होते. त्यांनी डोकंही वर केलं नाही. "फडकं बांधलेला सोडा. दुसरा न्या."

उमाजींनी बघितलं. दोन कॅन, फडकं एकालाही नाही. उमाजी हा माणूस एकदा विचारलेलं पुन्हा विचारणाऱ्यातला नव्हे. त्यांनी दाराजवळचा कॅन उचलला आणि गाडीत टाकून जामबागेच्या दिशेने निघून गेले.

नागोरावांनी दोन्ही फिल्टर हाताने आवळले, वरची हवेची बुचं सैल केली आणि फळीवर उरलेला कॅन आणला.

"हे काय, स्वयंपाकाचं तेल?" ऋचाने विचारलं.

नागोराव ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी तिला अठरा मोटारसायकली, चोर आणि आपली हुशारी हे सगळं सविस्तर सांगितलं, आणि सांगता सांगता कॅन टाकीत ओतला. रंग सोनेरी होता. नव्या तेलाचाही सोनेरीच असतो.

"काका, पातळ वाटतंय थोडं."

"एप्रिल लागला, ताई. ह्या उन्हात डांबर पातळ होतं."

बुचांतून तेल डोकावल्यावर त्यांनी ती बंद केली आणि मशीन सुरू केलं. चाकं वर असतानाच दांडे सहा वेळा सावकाश पुढे-मागे केले, आत अडकलेली हवा निघावी म्हणून. ऋचाने टॅब्लेटवर एकेक खूण केली. सगळं पुस्तकाप्रमाणे झालं होतं. मशीनचा आवाज जरा मऊ लागत होता, तो नागोरावांनी आपल्या हाताचा गुण समजला.

"आता अर्धा तास चालवून दाखवा," ती म्हणाली.

नागोराव खुर्चीवर बसले. पहिली वीस मिनिटं मशीन लोण्यावर चालल्यासारखं चाललं. मग तेल तापलं. तापून फेसाळलं, टाकीच्या झाकणाच्या भोकातून बाहेर आलं आणि थेंबाथेंबाने सायलेन्सरवर पडू लागलं. सायलेन्सर लालबुंद. चर्रर्र आवाज व्हायचा, तो इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हता. वास मात्र सगळ्या मैदानभर गेला.

व्हरांड्यात रमी खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. कुणीतरी कॅन्टीनमध्ये हाक मारली, दोन प्लेट मिरची भजी. पाठोपाठ टेनिस कोर्टवरून तिघे आले, त्यांनाही भजी हवी. साडेअकराला कॅन्टीनवाल्याकडे अकरा प्लेटांची ऑर्डर होती आणि तो जीव तोडून सांगत होता, "मियाँ, मैं तो अभी चूल्हा भी नै जलाया." कुणाचा विश्वास बसत नव्हता. वास तर येतच होता.

मैदानावर नागोरावांना एवढंच दिसत होतं की मशीन जिकडे वळतं तिकडे माना वळतात. एकतीस वर्षांत आपल्या कामाकडे लोकांनी असं कधी बघितलं नव्हतं. ते ताठ बसले. व्हरांड्यासमोर त्यांनी एक गिरकी घेतली. एका सभासदाने डोळे मिटून खोल श्वास घेतला, तेव्हा नागोरावांनी त्याला हातसुद्धा केला.

ऋचा गवतातून भरभर चालत आली आणि तिने दोन्ही हात वर केले. नागोरावांनी मशीन थांबवलं.

"काका, तुम्हाला वास येत नाहीये?"

"कसला?"

तिने टाकीच्या कडेचा एक थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि त्यांच्याकडे बघितलं. "माझी आजी परभणीची आहे. हे करडई आहे, काका."

नागोराव हसायला लागले. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. फडकं त्यांच्याच मांडीवर होतं. त्यांनी ते उचललं, कॅनच्या गळ्यातून ते आपण सोडलं हे आठवलं, उमाजी दारात आले ते आठवलं, आणि दोन वर्षांची मुदतवाढ, पिवळी खुर्ची, शाल, हार ह्यांपैकी काही एक डोक्यात राहिलं नाही. मशीनचं तेल जामबागेत गेलं होतं. भामावहिनी पंधरा दिवसांपासून तेलाची वाट बघत होत्या. आता बारा वाजायला आले होते, म्हणजे कढई चुलीवर असणार.

त्यांनी भामावहिनींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. कुणी उचलत नव्हतं.

ऋचा मुलगी भली. ती हळूच म्हणाली, "मी रिपोर्ट होल्डवर ठेवते. तुम्ही स्कूटरवर जा, कॅन बदलून आणा. मशीन आपण धुऊन घेऊ. सरांना कळायचं काम नाही."

खरं सांगायचं तर नागोरावांनी ह्यावर विचार केला. माणूस देव नव्हे, आणि नागोराव तर मुळीच नव्हेत. पण दुपारच्या रहदारीत कोटी भागातून जामबागेत पोचायला पाऊण तास. पाऊण तासात एका बाईने किती भाकऱ्यांबरोबर किती भाजी खाल्ली असेल, ह्याचा हिशोब त्यांनी करून बघितला. आपल्या हुशारीने कुणी आजारी पडलं तर आपण पुन्हा कुठल्याच खुर्चीवर बसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते खाली उतरले आणि सरळ व्हरांड्याकडे चालू लागले.

एकनाथराव कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. कॅन्टीनवाल्याने शेवटी चूल पेटवली असावी, कारण त्यांच्यासमोर भज्यांची प्लेट होती.

"साहेब, वहिनी माझा फोन उचलत नाहीत, तुम्ही लावा. त्या तेलाला हात लावू नका म्हणावं."

"कुठल्या तेलाला?"

"ते करडई नाही. मशीनचं तेल आहे. मीच करडईच्या कॅनमध्ये भरलं होतं, चोरी होते म्हणून. आणि तुमची करडई मी मशीनमध्ये ओतली." आजूबाजूला रमीवाले बसलेले. "चूक माझी झाली. उमाजींची नाही. आधी फोन लावा."

एकनाथरावांनी भजं सावकाश संपवलं. हात पुसला. "भामाचा फोन मला अकरालाच आला होता," ते म्हणाले. "ती शेतकऱ्याची लेक आहे, नागोराव. तेल तळहातावर घेऊन वास घेतल्याशिवाय ती कढईत घालत नाही. म्हणाली, हे खायचं नाही, पण वाया कशाला घालवायचं. हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्यांना घातलं. आता झोपाळ्यावर बसलीय, त्यामुळे फोन ऐकू येत नसेल."

नागोराव समोरच्या खुर्चीत बसले आणि ताडकन उठले. आधी सुटकेने, आणि मग रागाने. "म्हणजे तुम्हाला अकरापासून माहीत होतं? आणि मी तिकडे गिरक्या घेत होतो?"

"त्या फार छान घेतल्यात. मला बघायचं होतं, तुम्ही इकडे येता की जामबागेला जाता." एकनाथरावांनी ऋचाकडे बघितलं. "मॅडम, रिपोर्ट?"

"मशीन फेल लिहावं लागेल, सर. तेल चुकीचं आहे," ऋचा म्हणाली. "काम एकदम पर्फेक्ट होतं."

"आणि माणूस?"

तिने टॅब्लेट वरखाली केला. "माणसाचा कॉलम नाहीये ह्यात."

"मग तो मी भरतो. मशीन धुऊन पुन्हा तपासा, आणि कमिटीला मी सांगतो. दोन वर्षं." एकनाथरावांनी हात पुढे केला. "पण एका अटीवर, नागोराव. ती तपकिरीची डबी इकडे."

निवृत्तीबद्दल नागोरावांनी जितका विचार केला नव्हता तितका डबी देताना केला. शेवटी खिशातून काढून त्यांनी ती भज्यांच्या प्लेटशेजारी ठेवली आणि मागे वळून न बघता निघून गेले. दुपारभर ते आणि ऋचा मशीन धूत होते. तिच्या व्हॅनमधले दोन नवे फिल्टर लागले. जामबागेहून कॅन परत आला, झोपाळ्यापुरता कमी. मशीन पास झालं. चोरांना तेव्हापासून तेल कुठे असतं ते माहीत आहे, पण आता त्या कॅनला कुणी हात लावत नाही. उगाच करडई निघायची, अशी भीती.

पहिले आठ दिवस वाईट गेले. नागोराव शिंकले, चिडले, केसरबाईंच्या मिक्सरकडे वाकड्या नजरेने बघू लागले. केसरबाईंनी मिक्सर कपाटात कुलूप लावून ठेवला.

बाराव्या दिवशी सकाळी सातला ते मैदानाच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात होते. दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांना काहीतरी जाणवलं. गळती असणार, असं वाटून त्यांनी मशीन थांबवलं. पेट्रोलचं झाकण बघितलं, तेलाची टाकी बघितली, सायलेन्सरखाली हात फिरवला. सगळं कोरडं. वास मात्र येतच होता, ओला, हिरवा, जरा गोडसर. त्यांनी वाकून कापलेल्या गवताची मूठ उचलली, नाकाशी धरली आणि ते तसेच उभे राहिले. डोळे भरून आले त्यांचे. इतकी वर्षं रोज ते ह्याच्यातून जात होते.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, "केसर, एक सांगू? कापलेल्या गवताला वास असतो."

केसरबाई पीठ मळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"एकतीस वर्षं तुमचे शर्ट मी धुतेय," त्या म्हणाल्या. "मला विचारायचं होतंत ना."